मुंग्यांच्या पडद्याआडचं संगीत

गेल्या पावसाळ्यात घोडेगावकडचे एक गृहस्थ माझ्या नारायणगावच्या दुकानात आले. हातात चपलांचं खोकं, त्यात अकरा कॅसेट. वडील वारले, घर आवरताना सापडल्या, टाकवत नाहीत, म्हणाले. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. आता टीव्ही बिघडला की लोक नवा आणतात, त्यामुळे जुन्या कॅसेट-रेकॉर्डींवरचा आवाज संगणकावर उतरवून देणं हेच काम जास्त असतं. दहा कॅसेट भजनाच्या आणि हरिपाठाच्या निघाल्या. अकरावी नव्वद मिनिटांची होती आणि तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘स्टार ट्रॅक, रविवार’.

लावली. आधी नुसती भर्रर्र. मग दूरवरून येणारी बाईची उंच तान, शब्द नसलेली. आणि त्या तानेवर अगदी माइकजवळून दुसरी बाई ओरडली, “अरे दूध उतू चाललंय, कुणी बघंल का?”

गृहस्थांनी काउंटर धरला. “आई,” म्हणाले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “ते मागं इंग्रजी वाजतंय, ते काढून टाकता येईल का?” नेमकं त्याच क्षणी माझ्या मनात उलटा प्रश्न होता, की पुढचं ओरडणं काढून मागचं तेवढं ठेवता आलं तर! मी तो विचारला नाही.

हा लेख त्या ‘मागच्या इंग्रजी’बद्दल आहे. टीव्हीवरच्या जुन्या विज्ञानमालिकांचं संगीत जमवणारी माणसं जगभर आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मालिकेत दोन संवादांच्या मध्ये वाजलेला चाळीस सेकंदांचा तुकडा मूळ टेपवरून मिळाला, तर ती दिवाळी साजरी करतात. मीही त्यांच्यातलाच, जरा गरीब शाखेतला. या वेडाला कारणं आहेत, आणि त्यांतलं निदान एक आपल्या जुन्नर-आंबेगावात बसूनच नीट कळतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३ पासून ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुणे भागात दिसू लागलं. सिंहगडापासून मंचर, नारायणगाव, जुन्नर म्हणजे लहरींच्या टप्प्याची कड. आमच्या लहानपणी ज्यांच्याकडे टीव्ही असे ते छपरावर पाइपाला पाइप जोडून अँटेना चढवत, तिचं तोंड सिंहगडाकडे करत, वर बूस्टर लावत, आणि एवढं करून पडद्यावर मुंग्या. गंमत अशी की परदेशांशी उपग्रहामार्फत बोलणारं देशातलं पहिलं केंद्र १९७१ साली आमच्याच आर्वीत उभं राहिलं. हजारो मैलांवरच्या उपग्रहाशी बोलणारी तबकडी शिवारात, आणि आम्हाला सिंहगड धड दिसेना.

पण ऐकू येई. याचं कारण तांत्रिक आहे आणि ते मला पुढे धंद्यात पडल्यावर कळलं. त्या काळच्या प्रक्षेपणात चित्र आणि आवाज लहरींवर वेगवेगळ्या रीतीने चढवत. चित्रासाठी लहरीची उंची कमीजास्त केली जाई, म्हणजे एएम. आवाजासाठी तिची कंपनसंख्या किंचित हलवली जाई, म्हणजे एफएम. लहर लांबवर जाऊन क्षीण झाली की तिच्यात मिसळलेला गोंगाट मुख्यतः उंचीत भर घालतो. म्हणून चित्राच्या मुंग्या होतात आणि आवाज पुष्कळदा शाबूत राहतो. त्या मुंग्यांतलाही थोडा अंश आकाशातून, थेट आकाशगंगेतून आलेला असतो. पुढे खोडदला जी अजस्र दुर्बीण उभी राहिली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी, ती अशाच लहरी टिपते. म्हणजे अंतराळाची मालिका बघताना आमच्या पडद्यावर खरं अंतराळही थोडं सांडत होतं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बूस्टरला शिव्या घालणं तरी कमी झालं असतं.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागे. भाषा इंग्रजी, ती आम्हाला कळत नव्हती. चित्र मुंग्यांत. उरलं काय? संगीत. यानात सगळं ठीक आहे की धोका आलाय, समोरचा प्राणी भला की दुष्ट, हे आम्ही सुरांवरून ओळखत होतो. तमाशाच्या गावातल्या पोरांना हे अवघड नव्हतं. वगात कोण येणार हे माणूस दिसायच्या आधी ढोलकीचा आणि हलगीचा ठेका सांगतो, तंबूत मागे बसलेल्याला तेवढं पुरतं.

त्या संगीतात तुकडे पुन्हापुन्हा येतात हेही आम्हाला कळलं होतं. हा तुकडा वाजला की मारामारी, तो वाजला की स्पॉकची भुवई वर. यामागचा हिशेब पुढे वाचनात आला. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत मालिकेचे ७९ भाग झाले. प्रत्येक भागासाठी नवा वाद्यवृंद बसवणं परवडणारं नव्हतं. काही भागांसाठी संगीत खास लिहून ध्वनिमुद्रित केलं जाई, आणि त्याच टेपांचे तुकडे कापून बाकीच्या भागांना लावले जात. जेराल्ड फ्राइडने १९६७ साली ‘अमॉक टाइम’ या भागातल्या द्वंद्वासाठी लिहिलेलं संगीत त्यामुळे दुसऱ्याही मारामाऱ्यांत ऐकू येतं. शीर्षक-संगीत अलेक्झांडर करेज यांचं. त्यातली ती तान थेरेमिन नावाच्या विद्युत्वाद्याची आहे असं बरेच जण समजतात, मीही वर्षानुवर्षं तसंच सांगत होतो. ती बाईच आहे. लूली जीन नॉर्मन नावाच्या गायिकेचा तो आवाज. आणि या धुनेला शब्दही आहेत! मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी ते नंतर लिहिले. मालिकेत ते कधीच गायले गेले नाहीत, पण गीतकार म्हणून नाव लागल्याने मानधनाचा अर्धा वाटा त्यांना मिळू लागला. करेज नाराज झाले यात नवल नाही.

आता संग्राहकाच्या दृष्टीने बघा. सिनेमाची गाणी विकण्यासाठीच केलेली असतात. त्यांची रेकॉर्ड निघते, फुटली तर दुसरी मिळते. टीव्ही मालिकेचं पार्श्वसंगीत विकण्यासाठी नव्हतंच. ते प्रसंगाला टेकू म्हणून लावलेलं, वर संवाद आणि दारांचे सूंऽऽ आवाज चढलेले. मालिका संपली की मूळ टेपा गोदामात. बाहेर काढायच्या तर वादकांना पुनर्वापराचं मानधन द्यायचं, हक्क सोडवायचे, टेपा शोधायच्या. म्हणून बाजारात आधी मिळायच्या त्या शीर्षक-धुनेच्या नव्याने वाजवलेल्या आवृत्त्या, मग पूर्ण संगीताचं नव्या वाद्यवृंदाने केलेलं ध्वनिमुद्रण, आणि मूळ टेपांवरचं संगीत फार उशिरा. अमेरिकेत १९८५ साली ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या दोन चाचणी-भागांचं मूळ संगीत रेकॉर्डवर आलं. सगळं म्हणावं असं यायला २०१२ उजाडलं. ला-ला लँड रेकॉर्ड्‌स या कंपनीने पंधरा सीडींचा संच काढला, मोजक्या सहा हजार प्रती. मला तो मुंबईतल्या एका मित्राकडे ऐकायला मिळाला. संवाद नाहीत, यंत्रांचे आवाज नाहीत, नुसता वाद्यवृंद. लहानपणी मुंग्यांआडून ऐकलेलं सगळं धुऊन-पुसून समोर ठेवल्यासारखं. पहिल्या अर्ध्या तासात आनंद झाला. मग चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं, त्याकडे मी पुढे येतो.

विज्ञानमालिकाच का, असा प्रश्न मला विचारतात. कौटुंबिक मालिकांचं संगीत का नाही जमवत? माझं उत्तर असं, की तिथे संगीत सजावटीला असतं आणि इथे ते बांधकामाला असतं. पैसे कमी, यान पुठ्ठ्याचं, ग्रह म्हणजे रंगवलेला पडदा. प्रेक्षकाला ते खरं वाटायला लावायचं काम आवाजावर पडतं. म्हणून या मालिकांत आवाजाचे जे प्रयोग झाले ते दुसरीकडे झाले नाहीत.

सर्वांत मोठं उदाहरण बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चं. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ चा. शीर्षक-धून रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहिली आणि ती प्रत्यक्षात आणली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायर या बाईंनी. त्यांच्याकडे सिंथेसायझर नव्हता. होते ते ऑसिलेटर, म्हणजे यंत्रं तपासण्यासाठी एकसुरी आवाज काढणारी उपकरणं. माझ्या बाकावर रेडिओचं ट्यूनिंग जुळवायला जो सिग्नल जनरेटर असतो, त्याच जातीची. खालचा ठेका एका ताणलेल्या तारेचा. ती एकदा छेडायची, आवाज टेपवर घ्यायचा, टेप हळू-जलद फिरवून वेगवेगळे सूर मिळवायचे, प्रत्येक सुराचा तुकडा इंचाच्या मापाने कापायचा आणि चिकटपट्टीने पुढच्याला जोडायचा. असे दोन-तीन पदर तयार झाले की वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी सुरू करून एकत्र करायचे. ते एकाच वेळी सुरू होणं हीच कसोटी. मी एकदा हौसेने दोन टेपरेकॉर्डरवर चार सुरांची ओळ करायला बसलो होतो. दुपार गेली, पावणेदोन सुरांत चिकटपट्टी संपली. ग्रेनर यांना बाईंचं नाव सहसंगीतकार म्हणून लावायचं होतं, पण बीबीसीच्या तेव्हाच्या नियमांत ते बसलं नाही. २००१ मध्ये बाई गेल्या, तेव्हा त्यांच्या माळ्यावर अडीचशेहून जास्त टेपा निघाल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाच्या ताब्यात आहेत.

याच मालिकेने संग्राहकांना त्यांची खरी किंमत दाखवली. व्हिडिओ टेप महाग होती, म्हणून प्रसारण झालं की ती पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. त्यात साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’चे शंभराच्या आसपास भाग गेले. चित्र गेलं. पण त्यांतल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, आणि तो बीबीसीने जपला म्हणून नाही. देशभरातल्या काही पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून घेतला होता. कुणी टीव्हीच्या स्पीकरपुढे माइक धरला, आणि एका कारागीर पोराने तर माइकच टाळून टेपरेकॉर्डरची वायर टीव्हीच्या आत आवाजाच्या तारांना जोडली. (विजेचा धक्का बसू शकतो, वाचकांनी करू नये. मी केलं आहे.) बीबीसीने पुढे या घरगुती टेपा स्वच्छ करून, मध्ये निवेदन घालून सीडीवर काढल्या. हल्ली त्याच रंगीत रेकॉर्डींवर निघतात, पारदर्शक हिरव्या, शिंतोडे उडवलेल्या जांभळ्या. हा प्रकार मला आवडत नाही. रेकॉर्ड वाजवायची वस्तू आहे, भिंतीवर टांगायची नव्हे, आणि असल्या रंगीत प्रती पुष्कळांच्या कपाटात वेष्टनासकट पडून असतात.

आपल्याकडे या जातीचं संगीत आणखी एका वाटेने आलं, ती कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’. ती कथामालिका नव्हती, पण तिने आमच्या पिढीला विज्ञानकथेइतकंच झपाटलं. १९८० च्या या तेरा भागांच्या मालिकेची ओळखीची धून व्हँजेलिस यांच्या १९७५ सालच्या रेकॉर्डवरची आहे, आणि मालिकेच्या संगीताची वेगळी रेकॉर्ड १९८१ मध्ये निघाली. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवारच्या फेऱ्या मारताना ती मला एकदा मिळाली, वर ओरखडा, आत दुसऱ्याच रेकॉर्डचं पाकीट. सेगन यांच्याच पुढाकाराने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे मराठी वाचकाला ठाऊक असतंच. त्यामागची गोष्ट मात्र संग्राहकांची आहे. केसरबाईंची ती रेकॉर्ड अमेरिकेत मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात खोक्यात पडलेल्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. ध्वनिमुद्रणाबद्दल आयुष्यभर नाखूश असलेल्या गायिकेची साडेतीन मिनिटं आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहेत. या रेकॉर्डची जनतेसाठीची आवृत्ती चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये निघाली, तीही वर्गणीतून, आणि संचाच्या मांडणीला ग्रॅमी मिळालं.

इतकं सगळं परक्यांचं सांगून झालं. आपलं काय? आपल्या दूरदर्शननेही विज्ञानकथा केल्या. ‘स्पेस सिटी सिग्मा’ होती, तिच्यातल्या झखाकूला आमचे वर्गमित्र अजून विसरले नाहीत. १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’. तीस वर्षं मी पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि आसपासचे आठवडे बाजार धुंडाळतो आहे. ‘रामायणा’च्या कॅसेट ढिगाने मिळतात. ‘स्पेस सिटी सिग्मा’च्या संगीताची एकही कॅसेट माझ्या हाताला लागलेली नाही. मराठी मुलखात संग्राहकांची वाण आहे असंही नाही. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून मुंबईत आहे, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक. ती ज्यांनी चालवली ते डॉ. सुरेश चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे आमच्या खोडदची दुर्बीण ज्या संस्थेची आहे तिथलेच. या मंडळींनी नाट्यसंगीत, ख्याल, जुनी सिनेगीतं यांच्या लाखेच्या तबकड्या जपल्या. पण त्यासाठी आधी तबकडी निघावी लागते. टीव्हीच्या संगीताची निघालीच नाही, तर जपणार काय?

जपलं असेल ते घोडेगावच्या चपलांच्या खोक्यात. मंचर, ओतूर, आळे, जिथे जिथे ऐंशीच्या दशकात टू-इन-वन होते, तिथे कुणीतरी टीव्हीसमोर ते ठेवून लाल बटण दाबलेलं आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत अशा चौदा कॅसेट माझ्याकडे आल्या. प्रत्येकीवर पडद्याच्या उभ्या स्कॅनिंगची पन्नास हर्ट्‌झची भुणभुण आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि ‘स्टार ट्रेक’चा भाग पन्नास मिनिटांचा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा शेवट कापलेला. आतला फेल्टचा तुकडा गोंद सुटून पडलेला, फितीला बुरशी. आमच्या स्वतःच्या घरी अशा दोन कॅसेट होत्या. त्यांवर थोरल्या भावाने काकड आरती भरून घेतली. आईने सांगितलं होतं, त्यामुळे भांडताही आलं नाही.

पंधरा सीडींचा तो संच ऐकताना मला काय चुकल्यासारखं वाटत होतं, ते या कॅसेटवर सापडतं. भुणभुण, मध्येच एसटीचा हॉर्न, “आवाज कमी करा रे” असं कुणीतरी, आणि या सगळ्यातून वर येणारी ती तान. आम्ही ऐकलेलं संगीत हे असं होतं. बीबीसीच्या टेपा स्वच्छ करताना घरातले आवाज पुसले गेले ते बरोबरच, कारण तिथे हवी होती मालिका. आमच्याकडे मालिकेचं संगीत पंधरा सीडींवर शाबूत आहे. घरातले आवाज मात्र फक्त त्या कॅसेटवर आहेत. म्हणून मी आता कॅसेट उतरवताना पहिली प्रत काहीही न पुसता ठेवतो, भुणभुणीसकट. गिऱ्हाईक मागेल ती साफसफाई दुसऱ्या प्रतीवर.

त्या गृहस्थांना मात्र फक्त आई हवी होती. हल्ली माणसाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत, मी त्यांतलं एक वापरतो. हेडचा कोन जुळवून कॅसेट नीट उतरवली, फाइल आत टाकली आणि माणसाचा आवाज वेगळा कर म्हणून सांगितलं. वाद्यवृंद गेला. भुणभुण बरीचशी गेली. आईचं “दूध उतू चाललंय” स्वच्छ आलं, आणि तिच्या मागे लूली जीन नॉर्मनची तानही आली. यंत्राच्या लेखी दोघीही बायकाच. तीन वेळा केलं, तीनदा दोघी बरोबरच.

मी गृहस्थांना फोन करून अडचण सांगितली. त्यांनी ते फोनवरच ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “राहू द्या. बी बाजूवर काय आहे?”

बी बाजूची फीत मध्येच तुटली आहे. ती जोडायला घेतली आहे.